ब्रॅनिगनसाहेबांची क्लार्क

१० डिसेंबर

झालं! झालं एकदाचं!

सिनेटमध्ये फेडरल न्यायाधीश म्हणून माझ्या नावावर मतं पडत होती, तेव्हा मी इथे काउंटी कोर्टात शेजाऱ्याची स्नोमोबाइल पळवून तलावात बुडवणाऱ्या एका महाभागाच्या जामिनाचं ऐकत होते. दारातल्या शिपायानं लांबूनच अंगठा वर केला. मी निकाल पुरा केला (जामीन दिला, आज कुणालाही दिला असता) आणि आत जाऊन दार लावून एकटीच नाचले.

नवऱ्याचा, गसचा, फोन आला. हायस्कूलच्या पोरांना हॉकी शिकवून शिकवून ह्या माणसाला साधं बोलताच येत नाही, ओरडतोच. "अभिनंदन, न्यायमूर्तीबाई! आता मरेपर्यंत तुम्हाला कुणी काढू शकत नाही. मी सोडून!"

लोक म्हणतील नशीब. नशीब कसलं? बाबा गोदीवर लोखंडाची माती जहाजात भरायचे. त्यांची ही पोरगी वकील झाली, फेडरल कोर्टात ब्रॅनिगनसाहेबांची लॉ क्लार्क झाली, मग सरकारी वकील, मग काउंटीची न्यायाधीश. शिडीची एकही पायरी मी गाळलेली नाही. आणि मिळाली ती खुर्चीही कुणाची, तर खुद्द ब्रॅनिगनसाहेबांची! वसंतात त्यांनी पूर्णवेळ काम सोडलं म्हणून ती रिकामी झाली. म्हणजे ते घरी बसले असं मुळीच नाही. आमच्यात म्हातारे न्यायाधीश मनाला येतील तेवढे खटले चालवत राहतात. साहेबांची खोली तीच, कोर्ट तेच, आणि आता शेजारच्या खोलीत मी.

सगळ्यात आधी त्यांना फोन केला. म्हणाले, "विनी, मला ठाऊकच होतं." मग जरा थांबून म्हणाले, "कशाबद्दल?" काय तो विनोद! हसून हसून डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

१२ जानेवारी

शपथविधी. गसनं झगा चढवला, तोही उलटा. लोक हसले, गसनं वाकून दाद घेतली.

शपथ ब्रॅनिगनसाहेबांनी दिली. पहिलं वाक्य त्यांनी सांगितलं, मी म्हटलं. दुसऱ्याला ते थांबले आणि माझ्याकडे पाहत राहिले. मग मीच पुढचं म्हणायला लागले आणि ते माझ्यामागून म्हणू लागले. सगळी शपथ अशीच झाली. नंतर केक खाताना मी सगळ्यांना सांगितलं, "बघितलंत? साहेब अजून क्लार्कलाच काम करायला लावतात!" खूप हशा झाला. साहेबांची बायको लेनोर तेवढी हसली नाही. तिला दातांचा त्रास आहे बहुतेक.

२० जानेवारी

इतर न्यायाधीशांनी माझ्यावर जो विश्वास टाकलाय तो पाहून ऊर भरून येतो. नव्या माणसाला काम हवं म्हणून प्रत्येकानं आपल्याकडचे काही खटले माझ्याकडे पाठवले. हातगाडीवरून आले! एकात दोन चर्च एका पार्किंगच्या जागेवरून भांडताहेत, ते माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून. एका कैद्याला तुरुंगातल्या बटाट्यांविरुद्ध दाद हवी आहे. एक खटला तर इतका गुंतागुंतीचा आहे की तो आधी चौघांच्या हातांखालून गेलाय. नव्या न्यायाधीशाला इतकी अवघड कामं कोण देतं? ज्याला तिची कुवत कळते तोच.

गसला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, आमच्याकडेही नव्या पोराला गोलच्या जाळीत उभं करतात, तेव्हा असंच सांगतात."

२ फेब्रुवारी

साहेबांबरोबर जेवण. दोघांनी पेस्टी घेतली, मांस-बटाट्याची ती मोठी करंजी, सलगमवाली, पूर्वीसारखीच. थंडी अशी की खिडकीवर आतून बर्फ.

"तुझे बाबा कसे आहेत? गोदीवर जातात अजून?"

मी म्हटलं, "जज, बाबांना जाऊन सहा वर्षं झाली." तेच तर दफनाच्या वेळी माझ्या शेजारी उभे होते.

"अरेरे," म्हणाले, आणि मनापासून हळहळले. पेस्टी संपताना परत, "आणि बाबा? गोदीवर?" कॉफी आली तेव्हा परत.

घरी येताना लक्षात आलं. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा आणि साक्षीदाराचं उत्तर बदलतंय का ते बघायचं, ही त्यांची जुनी खोड! माझी परीक्षा घेत होते. माझं उत्तर एकदाही बदललं नाही, म्हणजे पास.

११ फेब्रुवारी

रिकामा वेळ मिळाला की मी साध्या कपड्यांत त्यांच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसते. शिकायला वयाची अट नसते. आज एका वकिलानं हरकत घेतली आणि साहेब गप्प. किती वेळ गप्प! वकिलाला घाम फुटला, त्यानं आपणहून हरकत मागे घेतली. न बोलता माणसाला नमवायचं, ही कला आता कुणाकडे उरली आहे?

आणि हे वरच्या कोर्टातले शहाणे! त्यांनी साहेबांचा एक निकाल फिरवला. का, तर म्हणे पाचव्या पानावर जे नाकारलंय तेच नवव्या पानावर मान्य केलंय. माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. माणूस विचार करता करता पुढे जातो, एवढंही कळू नये?

२२ फेब्रुवारी, रविवार

केवढा मान मिळाला आज! साहेबांनी परवा मला खोलीत बोलावून एक खटला पुढ्यात टाकला. "निकाल वादीच्या बाजूनं. कारणं तू शोध, विनी."

मी स्वतः न्यायाधीश, माझं हे काम नव्हे, असं कुणी म्हणेल. म्हणो. गसच्या आईला अजून वाटतं की मी तेव्हा त्यांच्याकडे टायपिंग करायचे. क्लार्कचं काम काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. न्यायाधीशाला आतून कळलेलं असतं की निकाल कुठे पडायला हवा. त्याच्याखाली कायद्याचा भक्कम पाया रचायचा तो क्लार्कनं. साहेबांनी सांगावं आणि मला कारण सापडू नये, असं त्या दोन वर्षांत एकदाही झालं नाही.

आज दुपारभर बसून लिहिलं. खरं सांगायचं तर ह्या वेळी कारणं सापडायला वेळ लागला, कारण कागदपत्रांत वादीच्या बाजूनं काहीच दिसेना. पण शेवटी सापडली. मी शोधली आणि सापडली नाहीत, असं व्हायचं नाही.

५ मार्च

आज जे पाहिलं ते सगळ्या तरुण वकिलांना दाखवायला हवं.

टिना मॅरो नावाची बाई. नवरा म्हणवणाऱ्याच्या सांगण्यावरून गाडी चालवत गेली, गाडीत अमली माल. गुन्हा कबूल केलाय. दोन लहान मुली, आजीजवळ बसलेल्या. साहेब आज इतके लख्ख होते! तिच्याशी असे बोलले, जणू कोर्टात दुसरं कुणी नाहीच. "गाडीत काय आहे हे तुला माहीत होतं. तू विचारलं नाहीस, कारण उत्तर नको होतं. तीन वर्षं. पण बाहेर आल्यावर तुझं आयुष्य शिल्लक असेल, मुलीही. त्यांना ते आजच सांग." मुलींची सोय लावून तिनं एप्रिलअखेर स्वतःहून तुरुंगात हजर व्हायचंय. बाई रडत रडत म्हणाली, "थँक यू, सर." शिक्षा झालेलं माणूस आभार मानतं, असं मी दुसऱ्या कुणाच्या कोर्टात पाहिलं नाही.

मुख्य न्यायाधीश व्हिटकॉम्बही दारात उभे राहून ऐकत होते. मी त्यांच्याकडे विजयानं पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि गेले.

१९ मार्च

संताप संताप झालाय.

व्हिटकॉम्बनी खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं. म्हणाले, "कोस्किनेनबाई, थॅडियसचं, आपल्या ब्रॅनिगनचं, काही खरं नाही. तुम्हाला दिसत असेलच."

"मला काय दिसायला हवं?"

"तो विसरतोय. मॅरोबाईला शिक्षा दिली तो दिवस चांगला गेला. पण सगळे दिवस तसे नसतात. त्याला काढायचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. त्यानं स्वतःहून उतरायला हवं. आणि तो ऐकेल तर फक्त तुमचं."

मी म्हटलं, "साहेब, माझ्या तोंडून हे निघणार नाही. तुम्ही एक चुकीचा निकाल दाखवा, मी त्याची कारणं दाखवते."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "एखाद्या दिवशी समोर कुणीतरी उभं असेल, आणि त्याची वर्षं जातील. तेव्हा कारणं काय कामाची?"

मी ताडकन उठून आले. त्यांना साहेबांचं कोर्ट हवंय, खिडकीतून तलाव दिसतो ना! दुसरं काय असणार?

गसला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. तो स्केट घासत बसला होता, घासतच राहिला. मग म्हणाला, "विनी, लेनोरनं त्यांच्या गाडीच्या किल्ल्या लपवून ठेवल्यात. गावाला माहीत आहे."

"रस्त्यावर बर्फ आहे," मी म्हटलं.

"हो," गस म्हणाला. "बर्फ आहे."

हा माणूस हो म्हणतो तेव्हा जास्त राग येतो.

२९ मार्च, रविवार

लेनोरनं कॉफीला बोलावलं. साहेब वर झोपले होते. तिनं वेलचीचा पाव कापला, पण स्वतः खाल्ला नाही. "थॅड घरात तुला 'माझी मुलगी' म्हणतो, ठाऊक आहे?" मला गहिवरून आलं. "मग मुलीनं जे करायचं असतं ते कर ना, विनी बाळ. मी सांगितलं तर तो म्हणतो, तुला कायद्यातलं काय कळतं."

मी तिचे हात हातात घेतले. "लेनोर, काळजीच करू नकोस. सगळं माझ्यावर सोड."

तिला इतकं हायसं वाटलं की ती रडलीच. मेमध्ये साहेबांचा ब्याऐंशीवा वाढदिवस येतोय. मी मोठा कार्यक्रम करणार आहे, सगळे जुने क्लार्क बोलावून.

१४ एप्रिल

क्रमानं लिहिते. नाहीतर लिहिलंच जाणार नाही.

सकाळी माझ्याकडची चर्चवाली मंडळी बर्फामुळे आली नाहीत. साहेबांच्या कोर्टात टिना मॅरोचा एक किरकोळ अर्ज होता: शाळा संपेपर्यंत मुलींजवळ राहू द्या, एप्रिलऐवजी जूनमध्ये हजर होते. दहा मिनिटांचं काम. मी मागच्या बाकावर जाऊन बसले.

टिना उभी राहिली, मुली मागे आजीजवळ. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, कागद चाळले, आणि म्हणाले, "गुन्हा कबूल आहे ना?"

तिच्या वकिलाला वाटलं, चौकशी म्हणून विचारताहेत. "होय, युअर ऑनर, मार्चमध्येच..."

"बसा. मी हिला विचारतोय."

आणि ते शिक्षा सुनावू लागले. नव्यानं. अगदी पहिल्यापासून. सरकारी वकील अर्धा उठला, "युअर ऑनर, माफ करा, पण..." "बसा म्हटलं ना!" तो बसला. न्यायाधीश बोलत असताना मधे बोलायचं नाही, हे आम्हा सगळ्यांच्या हाडांत मुरलंय. मीही बसूनच होते. बसून काय करत होते ते लिहिते: कारण शोधत होते. मार्चच्या आदेशात काही तांत्रिक दोष राहिला असेल, साहेबांच्या तो लक्षात आला असेल, म्हणून परत...

"सात वर्षं," साहेब म्हणाले. "मुलींना निरोप द्यायचा तो इथेच दे. मार्शल, हिला घेऊन जा."

मार्शलनं, कोर्टाच्या पोलिसानं, टिनाच्या दंडाला हात घातला. एकदा दिलेली शिक्षा अशी वाढवता येत नाही, हे मला माहीत होतं, दोन्ही वकिलांना माहीत होतं. टिनाला नव्हतं. ती ओरडली नाही. तिनं वळून फक्त धाकट्या मुलीच्या कोटाची वरची गुंडी लावली. बाहेर थंडी होती ना. ते पाहिलं आणि मला माझीच किळस आली.

मी उठले. बाकावरून उठून न्यायाधीशाला थांबवायचा अधिकार मला नव्हता, मी न्यायाधीश असले तरी. पण क्लार्कला असतो. बाजूच्या दारानं आत गेले, मागच्या पायऱ्या चढून त्यांच्या खुर्चीशी आले आणि पंचवीस वर्षांपूर्वी वाकायचे तशी त्यांच्या कानाशी वाकले.

"जज, आत चला. काहीतरी दाखवायचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चेहरा उजळला. "लोकहो, थोडं थांबूया," ते सगळ्यांना म्हणाले. "माझी क्लार्क म्हणतेय. ही सहसा चुकत नाही." लाजेनं मेले मी. टिनाला बाकावरच बसू द्या, असं मार्शलला खुणेनं सांगितलं आणि आत गेले.

आत साहेब खुर्चीत बसले. "बोल."

"मार्चमध्ये तुम्ही हिला शिक्षा दिलीत, जज. तीन वर्षं."

"आणि आज?"

"सात."

ते बराच वेळ बोलले नाहीत. ही शांतता मला एवढे दिवस काय काय वाटत आली होती! आज नुसती शांतता होती. एक म्हातारा माणूस शोधत होता आणि त्याला सापडत नव्हतं.

"कारण शोध, विनी."

"नाहीये, जज."

"नीट बघ."

"नाहीये," मी म्हटलं आणि रडायला लागले. "नाहीच आहे."

त्यांनी खिशातून रुमाल काढून मला दिला. "कधीपासून?"

"मला आज कळलं."

"लेनोरला नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून माहीत आहे. मला त्याच्याही आधीपासून." ते अगदी शांतपणे बोलत होते, जुन्या आवाजात, टिनाशी मार्चमध्ये बोलले होते तसे. "म्हणूनच तर खुर्ची सोडली. थोडे खटले ठेवले. मग तुझं नाव पुढे आलं. म्हटलं, विनी शेजारी येतेय, जमेनासं झालं की ती सांगेल. निर्धास्त होतो मी. रोज तुझ्या तोंडाकडे बघायचो. तू काही बोलत नव्हतीस. मी घसरलो की तू हसून सावरायचीस, छान छान कारणं लिहून आणायचीस. मला वाटायचं, चला, अजून चाललंय."

मी रुमालाची घडी घातली.

"क्लार्क म्हणून तुझ्यासारखी मिळाली नाही," ते म्हणाले. "पण आता तू क्लार्क नाहीस ना, पोरी."

मग त्यांनी स्वतः फोन उचलला. "व्हिटकॉम्ब, माझ्याकडचं सगळं काढून घे. आज, आत्ता. मॅरोचं पहिलं, तिची पोरं खोळंबलीत." फोन ठेवून मला विचारलं, "तिचं नाव मॅरोच ना?"

"हो, जज. बरोबर आहे."

१५ एप्रिल

कालचं राहिलेलं.

मॅरोचा खटला माझ्याकडे आला आणि दुपारीच मी तो पुकारला. लेनोर साहेबांना न्यायला आली होती, पण ते घरी जाईनात. कोट घालून, टोपी मांडीवर ठेवून, तिच्याबरोबर शेवटच्या बाकावर बसले.

मी निकाल दिला: मार्चची तीन वर्षांची शिक्षा कायम, सकाळी जे बोललं गेलं त्याला काही अर्थ नाही, हजर व्हायची तारीख शाळा संपल्यानंतरची. वकिलांनी आभार मानले. संपलं होतं.

टिना मॅरो उभीच राहिली. "मॅडम, एक विचारू? सकाळी ते तसं का म्हणाले? मी मधे काही केलं का?"

तिच्या वकिलानं तिची बाही ओढली. मी त्याला थांबवलं. खरंच सांगते, माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. प्राथमिक स्वरूपाची टिप्पणी, कागदपत्रांतला गोंधळ, दोन-तीन कारणं आपणहून चालत आली, आणि एकापेक्षा एक सुरेख. तिला काही कळलं नसतं. साहेबांची इभ्रत राहिली असती. लघुलेखिकेची बोटं यंत्रावर थांबली होती. शेवटच्या बाकाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलंच. साहेब पुढे झुकून ऐकत होते.

"तुम्ही काहीही केलं नाही, मिस मॅरो," मी म्हटलं. "त्यांना आठवलं नाही. मार्चमध्ये त्यांनी जी शिक्षा दिली ती विचार करून दिली होती आणि ती योग्य आहे. आज सकाळी ते विसरले. मी त्यांच्याजवळ रोज असते. मला हे आधी दिसायला हवं होतं, आणि मी पाहिलं नाही. त्याबद्दल हे कोर्ट तुमची माफी मागतं."

लघुलेखिकेनं शब्दन्‌शब्द घेतला. टिना म्हणाली, "बरं," आणि मुलींकडे गेली.

मी उठले. शिपायानं सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. वकील उठले, टिना उठली, मुली उठल्या. शेवटच्या बाकावर लेनोरचा हात धरून ब्रॅनिगनसाहेब उठले, आणि मी दाराआड होईपर्यंत ताठ उभे राहिले.